केस लावून झाले, आता गोळी घ्यायची का? या चुका टाळा

रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडीकडची मुलं हेअर ट्रान्सप्लांटसाठी मुंबई, पुणे नाहीतर कोल्हापूर गाठतात. परत येतात ती डोक्यावर टोपी आणि पिशवीत फिनास्टेराइड या केसगळती रोखणाऱ्या गोळीची पट्टी घेऊन. ती संपली की मेडिकलच्या काउंटरवर, बाकीची गिऱ्हाइकं गेल्यावर, हळूच प्रश्न येतो, "काका, ही आता बंद केली तर चालेल ना? केस तर लावून झालेत."

सगळ्यात महाग पडणारी चूक इथेच होते. लावलेले केस डोक्याच्या मागच्या भागातून आणि कानांच्या वरच्या बाजूने घेतलेले असतात. टक्कल पाडणाऱ्या आणि ही गोळी कमी करते त्या डीएचटी या संप्रेरकाचा तिथल्या मुळांवर फारसा परिणाम होत नाही, म्हणून गोळी न घेताही ते बहुतेक टिकतात. जातात ते त्यांच्या आजूबाजूचे मूळचे केस. नवी कलमं लावली म्हणून जुन्या आंब्यांवरचा तुडतुडा जात नाही, तसंच हे. काही वर्षांनी पुढे लावलेल्या केसांचा दाट पट्टा उरतो आणि त्यामागे टक्कल दिसायला लागतं. पुन्हा लावायचे तर मागचे केस काही अमर्याद नसतात.

म्हणून गोळीचा निर्णय लावलेले केस बघून घेऊ नका, उरलेले बघून घ्या. पंचविशीतला मुलगा, मधला भाग अजून विरळ होतोय, घरात वडील आणि मामा दोघांना टक्कल, तर त्याने गोळीचा विचार गंभीरपणे करायलाच हवा असं माझं स्पष्ट मत आहे. पंचावन्नच्या गृहस्थांचा माथा कधीचाच मोकळा झालाय आणि गेली बरीच वर्षं गळती थांबलीय, तर त्यांनी नाही घेतली तरी फारसं बिघडत नाही.

दुसऱ्या महिन्यात घाबरून निर्णय घेणे

लावलेले केस दोन ते चार आठवड्यांत गळतात. मुळं आत जिवंत असतात. कधी शेजारचे मूळचे केसही धक्क्याने गळतात. त्यात मिनॉक्सिडिल हे डोक्याला लावायचं औषध सुरू केलं असेल तर सुरुवातीला त्यानेही गळती वाढते. पोरगा आरशात बघतो, औषधाला दोष देतो आणि सगळं बंद करतो. नवीन केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून दिसायला लागतात, पूर्ण चित्र साधारण वर्षाने. गोळीचा उपयोग होतोय की नाही हेही सहा महिने ते वर्षभरानंतरच कळतं. दर महिन्याला एकाच उजेडात, कोरड्या केसांचा फोटो काढून ठेवा.

आंब्याच्या सीझनमध्ये विसरायची आणि गणपतीत चाकरमानी भाऊ आला की पुन्हा सुरू करायची, असंही चालत नाही. औषध थांबलं की त्याने राखलेले केस वर्षभरात हळूहळू जातात.

खोबरेल चोपडून वर मिनॉक्सिडिल

आपल्याकडे डोक्याला तेल नाही म्हणजे काहीतरी चुकलंच. पण तेलकट किंवा घामाने भिजलेल्या डोक्यावर हे औषध नीट मुरत नाही. डोकं कोरडं करून लावा आणि निदान चार तास समुद्रात किंवा विहिरीवर डोकं भिजवू नका. दमट हवेत खाज सुटली तर त्या द्रावणातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलमुळेही असेल, तेच औषध फेसाच्या रूपात (फोम) मिळतं का विचारा. खपल्या असताना मात्र सर्जनने सांगितल्याशिवाय काहीच लावू नका.

पाच मिलिग्रॅमची गोळी सुरीने कापणे

प्रोस्टेट ग्रंथीच्या त्रासासाठी मिळणारी फिनास्टेराइडचीच पाच मिलिग्रॅमची गोळी स्वस्त पडते म्हणून घरी तुकडे करणारे आहेत. तुकडे सारखे होत नाहीत, आणि त्याहून मोठी गोष्ट, घरात बायको गरोदर असेल तर फुटलेल्या गोळीला तिचा हातही लागता कामा नये. पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. केसांसाठीची गोळी एक मिलिग्रॅमचीच असते. अमेरिकेत तिला 1997 मध्ये मान्यता मिळाली ती पुरुषांसाठी, त्यामुळे बहिणीला आपल्या पट्टीतली देऊ नका.

त्रास लपवणे

थोड्या पुरुषांना कामेच्छा कमी होणं, ताठरता न येणं असा त्रास होतो. बहुतेकांचा गोळी बंद केल्यावर जातो, काहींनी तो नंतरही राहिल्याचं सांगितलंय. मन उदास होणं हाही परिणाम आहे. 2025 मध्ये युरोपीय औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. आधी नैराश्य असेल तर हे सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगा. गोळी चालू असताना मन खचायला लागलं तर ती थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा. लाजेपायी गप्प बसू नका, निदान घरात एका माणसाला तरी माहीत असू द्या.

गावात रक्तदान शिबिर असेल तर गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर रक्त देऊ नका, ते गरोदर बाईला चढू शकतं. पन्नाशीनंतर प्रोस्टेटसाठीची पीएसए ही रक्ततपासणी केलीत तर गोळीचं नाव सांगा, तिने तो आकडा साधारण निम्म्यावर येतो.

गोळी नकोच असं ठरवलंत तरी तो तुमचा हक्क आहे, फक्त ते ऑपरेशनच्या आधी ठरवा. अ‍ॅडव्हान्स भरण्यापूर्वी सर्जनला सरळ विचारा, "मी गोळी घेणार नाही, मग हेअरलाइन कुठे आखाल आणि मागचे किती केस पुढच्यासाठी राखून ठेवाल?" ज्याच्याकडे याचं उत्तर नाही, त्याच्याकडे पैसे भरू नका.