छोटा डेस्कटॉप टीव्हीला जोडताय? या चुका टाळा

"आय-फाइव्ह आहे, सोळा जीबी रॅम आहे, टीव्हीला लावला तर चालेल ना?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, तुम्ही बघणार काय? मशीन बरं की वाईट, हे त्या उत्तरावर ठरतं. बहुतेकांना ते उत्तर देता येत नाही, कारण मशीन आधीच घरी आलेलं असतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलच्या प्रोसेसरचं साधारण आठवं जनरेशन, म्हणजे आठवी पिढी तरी लागते. त्यामुळे टीव्हीच्या मागे मावणारी ऑफिसची जुनी मशिनं स्वस्तात मिळतात. आमच्या नाशिकमध्ये सातपूर-अंबडला नोकरी करणारा कुणी ऑफिसमधून उचलून आणतो, कुणी एम. जी. रोडवरून सेकंडहँड घेतो. सौदा खरंच चांगला होऊ शकतो, पण स्वस्त मिळालं म्हणून घेतलं की पुढच्या चुका सुरू होतात.

फक्त ओटीटीसाठी घेणं

घरात ओटीटी आणि यूट्यूबपलीकडे काही लागत नसेल तर डेस्कटॉप घेऊ नका. टीव्हीच्या मागे खोचायची स्ट्रीमिंग स्टिक घ्या. ओटीटीवाले चित्राची क्वालिटी कॉपी-संरक्षण बघून देतात. स्टिकमध्ये ते संरक्षण चिपमध्येच असतं, ब्राउझरला मात्र ठिकठिकाणी हात आखडता घेऊन चित्र मिळतं. विंडोजच्या कॉम्प्युटरवर नेटफ्लिक्स फोर-केमध्ये बघायचं तर एज ब्राउझर किंवा त्यांचं ॲप, एचडीसीपी २.२ (एचडीएमआयवरचं कॉपी-संरक्षण) चालणारा टीव्ही आणि वरचा प्लॅन, एवढं सगळं जुळावं लागतं. लिनक्सच्या ब्राउझरवर फोर-के मिळत नाही. ज्यांना हे आधी सांगितलं त्यांचे पैसे वाचले. ज्यांनी आधी घेतलं आणि मग विचारलं, त्यांना माझ्याकडे उत्तर नसतं.

हा डेस्कटॉप शोभतो तो स्वतःचा संग्रह असलेल्या घरात. लग्नाची शूटिंग, मुंजीच्या डीव्हीडी, आजोबांच्या कीर्तनाच्या कॅसेटवरून उतरवलेलं रेकॉर्डिंग, फोनमधले हजारो फोटो. हे सगळं एका जागी, नीट लावलेलं, टीव्हीवर. कोडी हा मीडिया-प्लेयर टाकला की एका पडद्यावर सगळं दिसतं, जेलीफिन हा घरगुती मीडिया-सर्व्हर टाकला की तेच आतल्या खोलीतल्या फोनवरही बघता येतं. दोन्ही फुकट आहेत. हे काम स्टिकवर ओढूनताणून होतं, डेस्कटॉपवर सहज होतं.

आय-फाइव्ह, आय-सेव्हनचा बिल्ला बघून घेणं, जनरेशन न बघता

या चुकीचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

जेल रोडच्या एका घरी मुलीचं लग्न झालं. फोटोग्राफरने फिल्म हार्ड डिस्कवर दिली: फोर-के, एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून छोटा करायचा फॉरमॅट), टेन-बिट (रंगांच्या जास्त छटा). दिवाळसणाला जावई आणि व्याही येणार, हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर फिल्म लावायची, असा काकांचा बेत. मुलाने ऑफिसमधून छोटा डेस्कटॉप आणलेला, आय-फाइव्ह ६५००टी. फिल्म सुरू केली की मंगलाष्टकांचा आवाज पुढे आणि अंतरपाट अजून धरलेलाच. सप्तपदीत तर चित्र गोठून जायचं.

मुलाने काय काय केलं ते बघा. आठची रॅम सोळा केली. एसएसडी टाकली. विंडोज फॉरमॅट केली. शेवटी कुठलासा कोडेक पॅक (व्हिडिओ फॉरमॅट उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरचा गठ्ठा) टाकला, तेव्हापासून आधी नीट चालणारे व्हिडिओही अडखळू लागले. पैसे गेले ते गेले, वर घरात वाद. मला बोलावलं तेव्हा पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे होते.

"दादा, ग्राफिक कार्ड टाकू का आता?"

"थांब. आधी फिल्म लाव आणि टास्क मॅनेजर उघड."

परफॉर्मन्समध्ये सीपीयूची रेघ शंभराला टेकलेली. जीपीयूवर क्लिक केलं, तर तिथला 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख सपाट. दुखणं तिथंच होतं. टेन-बिट एचईव्हीसी पूर्णपणे ग्राफिक्स चिपवर उलगडायची सोय इंटेलने सातव्या जनरेशनपासून दिली. ६५००टी सहाव्यातला, २०१५ चा. चिप हात लावत नाही म्हणून सगळं ओझं सीपीयूवर पडतं आणि तो धापा टाकतो. तिथं रॅम दुप्पट करून काय होणार? याच कामाला सातव्या जनरेशनचा साधा आय-थ्री ७१००टी बरा, बिल्ला लहान असला तरी.

त्या रात्री मी कोडेक पॅक काढला, हँडब्रेक हे व्हिडिओ बदलायचं सॉफ्टवेअर टाकलं आणि फिल्म १०८० च्या एच.२६४ या जुन्या फॉरमॅटमध्ये रूपांतराला लावली. मशीन रात्रभर चालू ठेवलं. सकाळी फाइल तयार होती आणि दुपारी व्याह्यांसमोर फिल्म न अडखळता चालली. सोफ्यावरून बघताना चित्रातला फरक कुणाच्या लक्षातही आला नाही. मूळ फाइल मात्र मी डिलीट करू दिली नाही. ती तशीच जपा, पुढे चांगलं मशीन येईल.

तेव्हा मॉडेल नंबर वाचायला शिका. चार आकड्यांच्या जुन्या नंबरात पहिला आकडा म्हणजे जनरेशन. घरच्या फोर-के फाइलींसाठी सातवं हे किमान. एव्ही१ हा नवा व्हिडिओ फॉरमॅट हवा असेल तर अकरावं. नवीनच घ्यायचं असेल तर २०२३ मध्ये आलेला इंटेल एन१०० हा छोटा प्रोसेसर या कामाला पुरून उरतो. टीव्हीसाठी आय-सेव्हनच्या मागे लागायची गरज नाही. आणि कोडेक पॅक कधीच नको. व्हीएलसी नाहीतर एमपीव्ही हा प्लेयर टाका, ज्याला जे लागतं ते त्यातच असतं.

पोर्ट न बघता केबल जोडणं

फोर-के टीव्हीवर माउसचा बाण उड्या मारत चालला किंवा बातम्यांची खालची पट्टी अडखळत सरकली की लोक मशीनला 'स्लो' म्हणतात. आधी डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो, ते बघा. बहुतेकदा तिथं ३० हर्ट्झ असतं. जुन्या मशिनांवरचा एचडीएमआय १.४ पोर्ट फोर-केला ३० च्या वर जात नाही, ६० साठी २.० लागतो. महागडी केबल आणून पोर्ट बदलत नाही. मागे डिस्प्लेपोर्ट १.२ असेल तर त्यातून ६० मिळतं, पण कन्व्हर्टर ॲक्टिव्ह आणि फोर-के ६० लिहिलेलाच घ्या. साधा पॅसिव्ह पुन्हा ३० वरच आणून सोडतो. एवढं करूनही ६० दिसत नसेल तर टीव्हीच्या मेन्यूत त्या पोर्टचं 'एनहान्स्ड' किंवा 'यूएचडी' असं काहीतरी बंद असतं, ते चालू करा.

बाकीच्या चुका थोडक्यात. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर ग्राफिक्स ड्रायव्हरशी खेळू नका, टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' निवडा. काळा रंग राखाडी दिसत असेल तर टीव्ही आणि कॉम्प्युटरची आरजीबी रेंज (रंगांचा पल्ला) जुळत नाहीये, दोन्हीकडे फुल नाहीतर दोन्हीकडे लिमिटेड ठेवा. ४ जीबीच्या वरची फाइल पेनड्राइव्हवर जात नसेल तर तो फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, एक्सफॅट करा. कॅमेरा संथ फिरताना सिनेमा किंचित दचकत असेल तर कोडीत 'ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' चालू करा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, आपल्याकडचं जुनं टीव्ही रेकॉर्डिंग २५ चं, आणि पडदा ६० वर अडकलेला असतो.

वायरलेस कीबोर्डचा डोंगल यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कशेजारी खोचू नका. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि कीबोर्ड अक्षरं गिळू लागतो. लोक सेल बदलत बसतात. मी डोंगलला हातभर एक्स्टेन्शन केबल लावतोच, तक्रार असो वा नसो.

टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात मशीन कोंबू नका. नाशिकची थंडी जानेवारीत, एप्रिल-मेमध्ये नाही.

विजेचा हिशोबही मांडून बघा. एन१००चं मशीन रिकामं असताना १० वॅट घेतं असं धरलं तर चोवीस तास चालू ठेवून महिन्याला ७.२ युनिट होतात. माळ्यावरचा जुना टॉवर खाली काढून लावला आणि त्याने ६० वॅट घेतले तर ४३.२ युनिट. 'घरात पडून होता, फुकटच आहे' म्हणणाऱ्यांनी हा आकडा वर्षाच्या बारा महिन्यांनी गुणावा.

शेवटची चूक घरातल्या मोठ्या माणसांना भोवते. बहुतेक डेस्कटॉपना एचडीएमआय-सीईसी नसतं, म्हणजे टीव्हीचा रिमोट त्यांच्यावर चालत नाही. आईच्या हातात कीबोर्ड-माउस दिलात तर ती आठवडाभरात पुन्हा केबलच्या सिरियलीकडे वळेल आणि तिचं बरोबरच असेल. टीव्हीच्या रिमोटची बटणं शिकून घेणारा छोटा यूएसबी रिसीव्हर मिळतो, तो बजेटमध्ये पहिल्या दिवशीच धरा. तोवर फोनवर 'कोरे' (Kore) नावाचं कोडीचं रिमोट ॲप टाकून द्या. मशीन सुरू होताच थेट कोडी उघडेल असं लावा, नाहीतर विंडोजऐवजी लिब्रेएलईसी ही कोडीपुरती छोटी ऑपरेटिंग सिस्टीम टाका, त्यात कोडीशिवाय दुसरं काही समोर येतच नाही. आणि घ्यायला जाताना घरातली सगळ्यात जड फाइल पेनड्राइव्हवर सोबत न्या. दुकानदाराला ती फोर-के टीव्हीवर दहा मिनिटं चालवायला सांगा, टास्क मॅनेजर उघडा ठेवून.