उत्खननावर पहिल्यांदा जाताय? थापी, थर आणि लेबल

उत्खननात नवख्या हातून वस्तू फुटली तर वाईट वाटतं, पण ती मोठी चूक नव्हे. फुटलेलं खापर जोडता येतं. ते कुठल्या थरातून निघालं हे हुकलं, तर पुन्हा कळायला मार्ग नाही, कारण तो थर आपणच खणून टाकलेला असतो.

चार इंची, टोकदार पात्याची थापी घ्या. पातं आणि दांडी एकाच लोखंडातून घडवलेली हवी, जोड दिलेली थापी घट्ट मातीत जोडावरच मोडते. टोकाने उकरू नका. पात्याची कड टेकवून आपल्याकडे ओढा, एका वेळी सेंटीमीटरभर माती. गुडघ्यांखाली जाड गादी ठेवा आणि मागे मागे सरकत जा, म्हणजे खरडलेल्या जागेवर पाय पडत नाही. सुटी माती साचू देऊ नका, तिच्याखाली रंगातला फरक दिसेनासा होतो.

आणि रंगातला फरक हेच तर खरं काम. समजा, पिवळसर घट्ट मातीत काळपट, भुसभुशीत गोल डाग दिसला. कुणीतरी नंतरच्या काळात खड्डा खणला आणि तो नंतर बुजला. तो खड्डा ज्या थरात शिरला, त्या थरापेक्षा नंतरचा आहे, म्हणून आधी खड्ड्याची भर काढायची, मग थर. दोन्ही सरसकट खणलं तर नंतरची खापरं जुन्या थराच्या पिशवीत जातात आणि थराचा काळच चुकतो. कड अस्पष्ट असेल तर फवाऱ्याने हलकं पाणी मारा. ओल्या मातीत रंग उठून दिसतो. मन्सेल तक्त्याशी, म्हणजे मातीच्या रंगांच्या ठरलेल्या नमुन्यांशी, रंग ताडायचा तो ओलसर मातीचाच, उजेडात आणि गॉगल काढून.

खापर अर्धवट दिसलं की ओढायचा मोह होतो. ओढू नका. आजूबाजूची माती त्याच्या बुडापर्यंत उतरू द्या, ते आपोआप सुटतं. मणी, नाणं, हाडाचं हत्यार अशा वस्तू जागेवरच ठेवून मोजायच्या: खंदकाच्या दोन कडांपासूनचं अंतर आणि ठरलेल्या बिंदूपासूनची खोली. कोळसा कालमापनासाठी हवा असेल तर हात लावू नका, धुऊ नका. स्वच्छ थापीने उचलून अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळा.

लेबलात स्थळ, खंदक, थर, खोली, तारीख आणि आद्याक्षरं हवीत. एक चिठ्ठी पिशवीत, तोच मजकूर पिशवीवर. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, मार्करची शाई उन्हात उडते. ओली खापरं प्लॅस्टिकमध्ये कोंडली तर बुरशी धरतात. रंगकाम असलेलं किंवा आत काही चिकटलेलं खापर धुण्याआधी विचारा. बाकीची मऊ ब्रशने धुऊन सावलीत वाळवा.

खंदकाच्या उभ्या भिंतीला सेक्शन म्हणतात. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी रूढ केलेल्या पद्धतीत खणायच्या चौकोनांच्या मधे न खणता राखलेल्या मातीच्या पट्ट्यावर, म्हणजे बल्कवर, तो वाचता येतो. त्यातून डोकावणारं खापर कधीही उपटू नका: थरांची रेघ तुटते आणि माती ढासळते. काठावर बसू नका, काढलेल्या मातीचा ढीग काठाला लावू नका. खोल खंदकात एकट्याने उतरू नका.

फोटोसाठी सकाळची वेळ बरी. एकसारखी सावली, मोजपट्टी, उत्तरेचा बाण आणि पाटी, एवढं फ्रेममध्ये हवं. घमेली आणि चपला नकोत.

वही त्याच दिवशी भरा. खड्डा कशाला कापतो, काय कशाखाली आहे हे लिहा, म्हणजे पुरातत्त्वज्ञ एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये मांडलेली क्रमजाळी (कुठला थर वा खड्डा आधीचा, कुठला नंतरचा हे दाखवणारी आकृती) नंतर जुळवता येते. थर बदलला की नाही याची शंका असेल तर तसंच लिहा, आणि त्या पट्ट्यातली खापरं दोन्ही थरांपासून वेगळ्या पिशवीत ठेवा.