शी-ओक सापसुरळीची नवी वस्ती शोधताना

ऑस्ट्रेलियाच्या आल्प्समधली ही धोक्यातली सापसुरळी साधारण १५०० मीटरच्या वर, झुपकेदार गवतात राहते. पाय इवलेसे, गवतात शिरली की नजरेला सापडत नाही. पण जमिनीवर कौल ठेवलं तर त्याखाली आसऱ्याला येते. म्हणून छपराची कौलं वापरायची.

आधी परवाना. मग बूट घासून धुवा. ऑरेंज हॉकवीड या उपद्रवी तणाचं बी तळव्याला चिकटून पठारभर पसरतं.

माहीत असलेल्या वस्त्यांसारखंच गवत असलेली, पण कुणी न तपासलेली जागा निवडा. बर्फ वितळताच दहा कौलं, पाच-पाच मीटरवर, झुपक्यांच्या मधे, जमिनीला नीट टेकवून ठेवा. तीन-चार आठवडे हात लावू नका. घाईत इथेच सगळं फसतं: नव्या कौलाखाली कुणी येत नाही.

तपासणी कोवळ्या उन्हात करा. दुपारी कौल तापतं नि खालचं सगळं पसार होतं. पलीकडची कड आपल्याकडे उचला, म्हणजे खाली साप निघालाच तर मधे कौल राहतं. सापसुरळी पकडलीत तर शेपटी धरू नका. कौल आधी ठेवा, मग सापसुरळी कडेला सोडा; उलट केलंत तर ती चिरडते.

फोटो हवाच, निळ्या जिभेच्या सापसुरळीचं पिल्लू फसवू शकतं. रिकाम्या कौलांचीही नोंद करा. एका फेरीत काही दिसलं नाही, म्हणून ‘इथे नाही’ असं लिहू नका.