आयझेनहॉवर डॉलर: कोरा की किंचित झिजलेला?

अमेरिकी टाकसाळीने १९७१ ते १९७८ या काळात पाडलेला आयझेनहॉवर डॉलर ‘बघा कसा चमकतोय, वापरलेलाच नाही’ असे सांगून सर्रास विकला जातो. चमक हा पुरावा नव्हे. चिंच किंवा भांड्यांची पावडर लावून कोणतेही नाणे चमकवता येते आणि तसे चमकवलेले नाणे संग्राहकाच्या दृष्टीने वायाच गेलेले असते. त्याचप्रमाणे वजन करून झीज ओळखण्याचा सल्लाही सोडून द्यावा. तांबे-निकेलच्या या नाण्याचे प्रमाण वजन २२.६८ ग्रॅम असले, तरी किरकोळ झिजेने होणारी घट टाकसाळीलाच मान्य असलेल्या फरकात सहज लपून जाते.

नाणे कडेला धरावे आणि खाली मऊ कापड अंथरावे. आरशासारखी पार्श्वभूमी असलेली प्रूफ (संग्राहकांसाठी खास पाडलेली) नाणी आधीच बाजूला काढावीत, कारण पुढील कसोटी त्यांना लागू पडत नाही. तारखेच्या वर ‘एस’ हे टाकसाळचिन्ह असेल, तर ते नाणे सॅन फ्रान्सिस्कोत केवळ संग्राहकांसाठी पाडलेले आहे. पण म्हणून ते पुढे कोणाच्या खिशात फिरलेच नसेल, असे मानू नये.

प्रकाश एकाच दिव्याचा हवा. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात निम्मी झीज दिसतच नाही. नाणे दिव्याखाली किंचित तिरपे धरून सावकाश फिरवावे. ठप्प्याच्या दाबाने धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. त्यांच्यामुळे कोऱ्या नाण्यावर प्रकाशाचे पट्टे बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतात. हा फिरता पट्टा उंच भागावरून जाताना कोठे विझतो का, एवढेच पाहायचे आहे. दर्शनी बाजूला आयझेनहॉवर यांच्या चेहऱ्यावरील गालाचे हाड, जबड्याची कड आणि कानावरचे केस तपासावेत; मागील बाजूला गरुड असेल, तर त्याचे डोके, छाती आणि पंखाची वरची कड. भिंग नंतर घ्यावे, आणि तेही पाचपटीचे. दहापटीच्या भिंगातून पाहणाऱ्या नवशिक्याला प्रत्येक नाणे झिजलेलेच वाटते.

खरी अडचण येथून पुढे सुरू होते, आणि मलाही हाच भाग सर्वांत उशिरा उमगला. आयझेनहॉवर डॉलर ३८.१ मिलिमीटर व्यासाचा आहे आणि त्याचा धातू कठीण आहे. त्यामुळे छाप पडताना धातू ठप्प्याच्या सर्वांत खोल भागापर्यंत पोहोचेलच असे नाही. ठप्प्याचा खोल भाग म्हणजे नाण्याचा उंच भाग, अर्थात नेमका तोच गाल आणि तोच जबडा, जिथे झीजही सर्वांत आधी दिसते. परिणामी टाकसाळीतून थेट पिशवीत गेलेल्या नाण्याचा गालही सपाट आणि खरखरीत दिसू शकतो, आणि अनेक जण त्याला बिनदिक्कत ‘वापरलेले’ ठरवून मोकळे होतात.

हे दोन सपाटपणे ओळखण्याची खूण पोतात आहे. अपुऱ्या छापेच्या जागी नाणे बनण्यापूर्वीच्या धातूच्या चकतीचा मूळ पृष्ठभाग शिल्लक राहतो. त्यावर छाप पडण्यापूर्वीच झालेले बारीक खड्डे आणि खरचटे तसेच असतात, पण उजेडात फिरवल्यास ती जागा मंद का होईना, प्रकाश परत देते. झिजेच्या जागी याच्या उलट असते: खरखरीतपणा जाऊन पृष्ठभाग गुळगुळीत झालेला असतो, रंग भोवतीच्या धातूपेक्षा करडा पडतो आणि नाणे कसेही फिरवले तरी तो ठिपका मृतच राहतो. तरीही शंका उरली, तर चेहऱ्यासमोरचा मोकळा सपाट भाग पाहावा. बोटे आणि खिसा फक्त गालाला स्पर्श करून थांबत नाहीत. फिरलेल्या नाण्याची या मोकळ्या भागातली झळाळीही थोडी तुटलेली असते. गाल खरखरीत आणि समोरची झळाळी अखंड, असे दिसले की मी ते नाणे निःशंकपणे कोरे मानतो.

पिशवीत नाणी एकमेकांवर आपटून झालेल्या खाचा मात्र झिजेत धरू नयेत. त्यांची कड धारदार आणि तळ चकचकीत असतो. नाण्याची अवस्था ठरवणाऱ्या एक ते सत्तर या श्रेणीत साठ आणि त्यापुढचे नाणे ‘अनसर्क्युलेटेड’, म्हणजे न वापरलेले, समजले जाते. खाचांनी विद्रूप झालेले साठचे नाणे अठ्ठावन्नच्या किंचित झिजलेल्या नाण्यापेक्षा कुरूप दिसू शकते. तरी नियम सौंदर्याचा नसून झिजेचा आहे.

२००० पासून निघालेल्या सोनेरी सॅकागाविया डॉलरला मात्र ही रंगाची खूण तशीच लावू नये. त्याचे मॅंगनीज-पितळ हाताळणीने तपकिरी पडते आणि सतत घासले जाणारे उंच भाग उलट अधिक उजळ दिसतात. तेथे उजळ गालच संशयास्पद समजावा.

निर्णय होत नसेल, तर किंमत अठ्ठावन्न श्रेणीच्या नाण्याचीच द्यावी, विक्रेता कितीही आग्रह करो. घेतलेले नाणे पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नये; त्या प्लास्टिकमुळे धातूवर हिरवट चिकट थर चढतो.