बार्बाडोसमध्ये पाणी आणि सांडपाणी यांचा एकत्रित आराखडा कसा करावा

बार्बाडोसचा सुमारे 85 टक्के भूभाग प्रवाळजन्य चुनखडीने झाकलेला असल्यामुळे तेथील पाऊस ओढ्यानाल्यांतून वाहण्याऐवजी खडकाच्या भेगांतून खाली झिरपतो, आणि घरोघरच्या शोषखड्ड्यांतील सांडपाणीही त्याच वाटेने जाते. म्हणून आराखड्याची सुरुवात नळजोडण्यांच्या यादीने न करता भूजल संरक्षणासाठी आखलेल्या क्षेत्रांच्या नकाशाने करावी. ही क्षेत्रे 1963 मध्ये प्रथम आखली गेली असली, तरी काम अद्ययावत नकाशावरच करावे.

मूळ आखणीत, जेथून झिरपलेले पाणी सार्वजनिक विहिरीपर्यंत 300 दिवसांच्या आत पोहोचते तो परिसर पहिल्या क्षेत्रात धरला होता. वाटेत रोगजंतू मरून जावेत, हा त्यामागचा हिशेब. सांडपाण्यातून व खतांतून पाण्यात उतरणारे नायट्रेट हे रसायन मात्र असे नाहीसे होत नाही. त्यामुळे नुसती सेप्टिक टँक बसवून समाधान न मानता विहिरीच्या वरच्या अंगाला किती शोषखड्डे आहेत आणि शेतांत किती खत पडते, याची नोंद घेऊन विहिरीतील नायट्रेट नियमित तपासावे. ईशान्येकडील स्कॉटलंड डिस्ट्रिक्टमध्ये चुनखडीचे आवरणच नाही व उतार घसरणारे आहेत. तेथे शोषखड्ड्यांचा विचार वेगळा करावा.

यानंतर उपसा ठरवावा. किनाऱ्याजवळ गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते आणि समुद्रसपाटीपेक्षा त्याची पातळी एक मीटर उंच असेल, तर खाली साधारण 40 मीटर गोड्या पाण्याचा थर धरतात. याचाच अर्थ, पातळी थोडी उतरली तरी खारे पाणी बरेच वर चढते. राजधानी ब्रिजटाऊनजवळ स्प्रिंग गार्डन येथे मचूळ पाणी गोडे करणारा प्रकल्प आहे. पण त्याला वीज लागते, तेव्हा आधी गळती शोधणे आणि छतावरचे पाणी टाक्यांत साठवणे हेच शहाणपणाचे.

गटारयोजना दाट वस्तीच्या किनाऱ्यापुरती ठेवावी आणि पंपांची देखभाल व पर्यायी वीज यांची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात करावी. 2017-18 मध्ये दक्षिण किनाऱ्यावर मैलापाणी रस्त्यांवर आले, तेव्हा ही बाब किती महाग पडते हे दिसले. प्रक्रिया केलेले पाणी सिंचनाला द्यायचे असल्यास त्यातील नायट्रोजन मोजून तेवढे खत कमी करावे, आणि पहिल्या क्षेत्रात ते मुळीच सोडू नये.