गोरेपणाची मोजणी: आठवी-नववीसाठी एक जोडतास

‘रूपाला महत्त्व देऊ नका’ हे वाक्य या तासात एकदाही म्हणायचं नाही. मुलांनी ते शंभरदा ऐकलेलं असतं, आणि ज्या घरात ऐकलं त्याच घरात ‘उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील’ हेही ऐकलेलं असतं. त्यापेक्षा त्यांना मोजायला द्या.

पाच-पाच जणांचे गट करा. प्रत्येक गटाला रविवारच्या वर्तमानपत्राचं वधू-वरांच्या जाहिरातींचं एक पान, लाल आणि निळं पेन द्या. त्यावरचे फोन नंबर आदल्या दिवशीच काळ्या शाईने खोडा, नाहीतर मधल्या सुट्टीत कुणीतरी फोन लावतोच. गोरी, निमगोरी, गव्हाळ, सडपातळ, सुस्वरूप या शब्दांखाली लाल रेघ. पगार, नोकरी, फ्लॅट, शेती यांखाली निळी. मुलींच्या आणि मुलांच्या जाहिरातींची मोजणी वेगळी ठेवा आणि दर ५० जाहिरातींमागे किती ते काढा. नुसती बेरीज केली तर ज्यांच्या जाहिराती जास्त त्यांचाच आकडा फुगतो. वीस मिनिटं पुरतात.

मग विचारा: ‘सावळी’ हा शब्द कुठे सापडला? तो फार क्वचित सापडतो. रंग लिहायचाच टाळतात किंवा ‘गव्हाळ’वर भागवतात. इथे कुणीतरी विठ्ठलाचं नाव काढेल. काढू द्या, मुद्दा खरा आहे: देवाचा सावळा रंग चालतो, सुनेचा नाही. पण दोन मिनिटांत पुढे सरका, नाहीतर तासाचं कीर्तन होतं.

पुढचा भाग फोटोचा. शिक्षकाचाच चेहरा वापरा, विद्यार्थ्याचा कधीही नाही. मोबाइलचा मागचा कॅमेरा घ्या, कारण सेल्फी कॅमेऱ्यात चेहरा गुळगुळीत करणारी सोय पुष्कळदा आधीच चालू असते. एक फोटो ३० सेंटिमीटरवरून, दुसरा १.५ मीटरवरून. दोन्ही पडद्यावर सारख्या आकाराचे करून नाकाची आणि चेहऱ्याची रुंदी पट्टीने मोजा आणि भागाकार करा. जवळच्या फोटोत नाक सुमारे ३० टक्क्यांपर्यंत रुंद दिसू शकतं. नाक गालांपेक्षा लेन्सच्या जवळ असतं, एवढंच त्याचं कारण. ‘माझं नाक फताडं आहे’ असं सेल्फी बघून ठरवणाऱ्यांना हा भागाकार कुठल्याही उपदेशापेक्षा जास्त पटतो. दोन फोटोंच्या मध्ये मान वळली किंवा हसू बदललं तर मोजणी फसते.

आता क्रीमची ‘आधी’ आणि ‘नंतर’वाली जाहिरात घ्या. रंग सोडून काय काय बदललं त्याची यादी करायला सांगा: प्रकाश, केस, कपडे, मान, हसू. जाहिरात मानक परिषदेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सावळी व्यक्ती दुःखी किंवा नोकरी-लग्नात मागे पडलेली दाखवता येत नाही. म्हणून उदास चेहरा गेला, प्रकाश राहिला. शब्दांचंही तेच. १९७५ मध्ये बाजारात आलेलं ‘फेअर अँड लव्हली’ २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. आता ग्लो, निखार, ब्राइटनिंग, टॅन यांतला प्रत्येक शब्द फळ्यावर लिहून विचारा, जुना कुठला शब्द याच्या जागी होता?

मुलगे इथवर मागे बसून हसत असतात. त्यांना जिमच्या आणि प्रोटीन पावडरच्या जाहिराती द्या, यादी तीच. ‘काडीपैलवान’ हे नाव वर्गात कुणाला पडलंय ते सगळ्यांना माहीत असतं, म्हणून टोपणनावांची उदाहरणं मात्र मागू नका. मागितली की तो मुलगा पुढचं वर्षभर तेच ऐकतो.

शेवटची दहा मिनिटं क्रीमच्या रिकाम्या खोक्यांवरचा मजकूर वाचण्यात घालवा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही नावं दिसली तर ते स्टेरॉइड आहे, हायड्रोक्विनोन दिसलं तर रंग फिका करणारं औषध. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायची, तरी मैत्रिणीच्या सांगण्यावरून लावली जातात. स्टेरॉइडने आधी चेहरा उजळतो, म्हणून विश्वास बसतो. काही आठवड्यांनी कातडी पातळ होते, लाली येते, मुरमं उठतात, आणि लावणं थांबवलं की आग वाढते, म्हणून पुन्हा लावलं जातं. खोक्यावर घटकांची नावंच नसतील तर ते आणखी वाईट, कारण अशा क्रीममध्ये पारा असू शकतो आणि तो मूत्रपिंडावर जातो.

तास संपल्यावर एखादी मुलगी थांबून ‘मी ते लावते’ म्हणेल. रागावू नका, वर्गासमोर विषय काढू नका. घरच्यांशी बोलून तिला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा आणि ट्यूब खोक्यासकट सोबत न्यायला सांगा, नाहीतर आत नेमकं काय होतं ते डॉक्टरांनाही अंदाजानेच ठरवावं लागतं.