लेकरांचे दात: या चुका टाळा

“दुधाचेच दात आहेत, पडून नवे येतील.” बाकीच्या बहुतेक चुका या एका वाक्यातून निघतात. समोरचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. पहिलीतल्या लेकराची दाढ किडली तर ते पुढची कितीतरी वर्षं एकाच बाजूने भाकरी चावणार. दाढ लवकर काढावी लागली, तर शेजारचे दात सरकून खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा अडवतात.

साधारण सहाव्या वर्षी पहिली पक्की दाढ सगळ्यात मागे येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून आईबाप तिलाही दुधाचीच समजतात. ती जन्मभराची असते. तिच्या खाचा खोल असतात आणि लेकरांचा ब्रश तिथपर्यंत पोचत नाही. सहा वर्षं झाली की बॅटरी लावून मागे बघा. त्या खाचा औषधाने बुजवून घेता येतात, दंतवैद्याला विचारा.

रात्रीची बाटली

झोपताना साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देण्याइतकं नुकसान दुसऱ्या कशानेच होत नाही. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दूध दातांवर तसंच साचून राहतं. वरचे समोरचे चार दात आधी जातात. खालचे जिभेआड असल्यामुळे बऱ्याचदा वाचतात. सुरुवातीला हिरडीलगत खडूसारखे पांढरे डाग दिसतात. तेव्हाच बाटली सोडवली आणि घासणं नीट सुरू केलं तर कीड थांबू शकते. डाग तपकिरी होऊन दात खचला, की घरी करण्यासारखं काही उरत नाही.

दिवसाचा शत्रू चहा-बिस्कीट. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं. पाच रुपयांचा पुडा दुपारभर एकेक करून संपवला, तर प्रत्येक बिस्किटामागे दातांवर नव्याने आम्ल तयार होतं. गोड द्यायचंच तर जेवणाबरोबर द्या.

पेस्ट आणि पाणी

जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दाखवतात, तेवढी नको. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरे. फ्लोराइडची पेस्ट घ्या, साधारण 1000 पीपीएम (म्हणजे पेस्टच्या दहा लाख भागांत हजार भाग फ्लोराइड). घासून झालं की थुंकायचं, पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही. पेस्टचा पातळ थर दातावर राहिला पाहिजे. टँकरच्या दिवसांत तेवढंच पाणीही वाचतं.

नांदेड, बीडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. तिथल्या लेकरांच्या पक्क्या दातांवर पांढरे पट्टे, तपकिरी डाग दिसतात. ती कीड नव्हे आणि घाणही नव्हे, त्यामुळे राखुंडी, मीठ, कोळसा घासून ते जाणार नाहीत. उलट दाताचं वरचं कवच झिजेल. पाणी उकळूनही फ्लोराइड जात नाही, पाणी आटल्यावर त्याचं प्रमाण वाढतंच. गावच्या पाण्याचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीत मागा. अशा गावात पेस्ट किती आणि कोणती, हे दंतवैद्याला विचारूनच ठरवा.

तोंडच उघडत नसेल तर

समोर उभं राहून दटावू नका. लेकराचं डोकं मांडीवर घेऊन वरून घासा, म्हणजे आतलं दिसतंही. वरचा ओठ बोटाने हलकेच उचला. ओठ आणि हिरडी जोडणाऱ्या पडद्याला ब्रश लागला की दुखतं, आणि बरीच रडारड त्यामुळेच होते. ब्रश चावत असेल तर एक त्याच्या हातात द्या, दुसऱ्याने तुम्ही घासा. उलटीसारखं होत असेल तर लहान डोक्याचा ब्रश घ्या. हिरडीतून थोडं रक्त आलं म्हणून घासणं बंद करू नका. बहुधा तिथे नीट घासलं जात नसतं. आठ-पंधरा दिवसांत थांबलं नाही तर दाखवा.

सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचं घासणं मोठ्यांनीच करायचं. सकाळी घाई असतेच, एखाद्या दिवशी दोन मिनिटांचं एक झालं तर चालेल. रात्रीचं चुकवू नका.

हे घरातून हद्दपार करा

मिश्री. आजी लावते म्हणून नातवंडंही बोट बुडवतात. ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि दात दुखतो म्हणून लेकराला लावली तर तिथूनच सवय लागते. दुखऱ्या दाढेत गोळी कुटून भरू नका, हिरडी भाजते. रिंगणी या काटेरी झुडपाच्या बियांच्या धुरीने दातातले ‘किडे’ पडले असं सांगतात. दातात अळ्या नसतातच, कीड जंतूंच्या आम्लाने लागते.

दवाखान्याचा खर्च अडत असेल तर शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरात आहे. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, तेही दात बघतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली लेकरं मात्र नेमकी हंगामात गावी नसतात. त्यांनी दिवाळीआधी, निघण्यापूर्वीच एकदा दाखवून घ्यावं. फडावर दाढ ठणकायला लागली तर धुरीवालाच आधी भेटतो.